मिस्त्री आणि शाळेची कुलपं

शाळा मंडळाच्या सभांची इतिवृत्तं मी एकोणीस वर्षं लिहिली. कोण काय बोललं, कोणी अनुमोदन दिलं, कोणता ठराव मंजूर झाला. ज्यात एकही शब्द खोटा नाही आणि तरी अख्खं वाक्य खोटं आहे, अशी वाक्यं लिहिण्यात माझा हात चांगलाच बसला होता. त्यातलं एक मला अजून टोचतं. ‘एका पालकाने स्वच्छतागृहांबाबत सूचना केली. मंडळाने नोंद घेतली.’

तो ‘एक पालक’ म्हणजे मिस्त्री. त्याच्याबद्दल सांगते.

मिस्त्री प्लंबर होता. बाजारामागच्या गल्लीत, एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान. ताठ उभं राहिलं तर डोकं पायरीला आपटायचं. भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत लोखंडी पाने ओळीने टांगलेले, खाली पत्र्याच्या डब्यांत वॉशर, आणि काउंटरवर एक जुना नळ उघडा करून ठेवलेला, गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगायला. माणूस जिभेने फटकळ आणि हाताने हळुवार. माझ्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आला होता तेव्हा मोरीतला नळ गळताना त्याने ऐकला. मला न विचारता तोही दुरुस्त केला आणि वर मलाच दटावलं, “टपटप टपटप चाललंय, तुम्हाला झोप कशी लागते हो ताई?”

त्याची बायको सरकारी रुग्णालयात परिचारिका. थोरली मुलगी शिकायला परगावी होती. धाकटी अकरा वर्षांची, सहावीत, तिला सगळे बारकी म्हणायचे. शाळा मुलामुलींची, आमच्याच मंडळाची, माझ्या कचेरीपासून चालत चार मिनिटांवर.

बारकी रोज पाण्याची बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. घरी आली की दप्तर उंबऱ्यात टाकून, पायातल्या बुटांसकट थेट संडासात. मिस्त्री हसून म्हणायचा, “आली बघा आगगाडी!” मग तीही आतून शिट्टी मारायची. दोन वर्षं हा घरातला विनोद होता. पुढे मिस्त्रीनेच मला हे सांगितलं आणि म्हणाला, “ताई, दोन वर्षं हसलो मी. माझा धंदा काय, आणि मी हसलो कशाला!”

त्या वर्षी सहा महिन्यांत बारकीला तीनदा ताप आला. तिसऱ्या वेळी पाठ दुखायला लागली, थंडी वाजून दात कडाकडा वाजायला लागले. आईने स्वतःच्याच रुग्णालयात नेलं. तपासण्या झाल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आईबापांना समोर बसवलं आणि मुलीला विचारलं, “दिवसभरात पाणी किती पितेस गं?”

“शाळेत पीत नाही.”

“का?”

“प्यायलं की जावं लागतं.”

“मग जायचं.”

“कुलूप असतं,” बारकी म्हणाली. विचारणारीलाच कसं कळत नाही, अशा सुरात.

लघवी तासन्‌तास तुंबवून जंतू वर चढले होते, पार मूत्रपिंडापर्यंत. पाच दिवस मुलगी खाटेवर होती. हाताला सुई, वर बाटली. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून त्या बाटलीतून पडणारे थेंब मोजायचा. आयुष्यभर गळणारे थेंब थांबवणारा माणूस. त्याची बायको म्हणाली, “वीस वर्षं मी या वॉर्डात बायकांना विचारतेय, पाणी पिता का, लघवी अडवून धरता का? घरच्या पोरीला एकदा विचारलं नाही.” ती रडली नाही. पण पोरीची घरी आलेली भरलेली बाटली तिने सिंकमध्ये उलटी केली आणि पाणी जाईपर्यंत तशीच धरून उभी राहिली.

मुलगी घरी आल्यावर मिस्त्री शाळेत गेला. मुख्याध्यापिकाबाई सभ्य होत्या, आवाज मऊ. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. तीन मजल्यांवर मुलींची तीन स्वच्छतागृहं. वरची दोन्ही गेल्या दोन वर्षांपासून बंद. मुली तिथे वेळ काढतात, भिंतींवर लिहितात, मोडतोड करतात. तळमजल्यावरचं मधल्या सुट्टीत वीस मिनिटं उघडतं. एरवी लागलंच तर वर्गशिक्षिकेची चिठ्ठी घेऊन कचेरीत यायचं, वहीत नाव आणि कारण लिहायचं, मग शिपाई किल्ली देतो.

“कारण?” मिस्त्री म्हणाला. “कारण काय लिहायचं असतं बाई, संडासाला जायचं?”

“शिस्त म्हणून.”

“मुली किती आहेत शाळेत?”

“चारशे बारा.”

“तळमजल्यावर खोल्या चार. त्यातल्या चालू?”

“दोन.”

मिस्त्रीने तिथल्या तिथे गणित केलं. चारशे बारा मुली, दोन खोल्या, वीस मिनिटं. एकेकीच्या वाट्याला सहा सेकंदसुद्धा येत नव्हते. “आणि मुलांची?”

“तीही बंदच आहेत. पण मुलांचं काय, ती मागच्या भिंतीला जातात.” हे बाई किंचित हसून म्हणाल्या. ते हसू मिस्त्रीच्या डोक्यात गेलं. पण तो काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केले. “निर्णय माझा नाही, मंडळाचा आहे. आणि मोडलेलं दुरुस्त करायला मंडळ माणूस पाठवत नाही. तुम्ही प्लंबर आहात ना? एखाद्या रविवारी या की. पालकांचा सहभाग असला की शाळेलाही बरं वाटतं.”

तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मिस्त्री म्हणाला, “येतो.” त्याला वाटलं, भांडण नंतर करू, आधी पोरींची सोय होऊ दे.

रविवारी सकाळी तो थैली घेऊन गेला. शिपायाने पहिल्या मजल्याचं कुलूप काढलं. आत वार्षिक समारंभाच्या मोडक्या खुर्च्या, रंगीत कापडाचे गुंडाळे आणि पुठ्ठ्याची खोकी भरून ठेवलेली. मिस्त्रीने वाट काढली, पाण्याचा मुख्य कॉक फिरवला, पहिला नळ उघडला. जरा खोकला आणि पाणी आलं. आधी तांबूस, मग स्वच्छ. दुसरा नळ, तिसरा नळ. टाकीची साखळी ओढली, धो धो पाणी. दुसऱ्या मजल्यावरही तेच. बारा खोल्यांत मिळून खराब निघाले ते दोन वॉशर आणि टाकीतला एक तरंगगोळा, तेही तळमजल्यावरच. अर्ध्या तासाचं काम. मोडलेलं असं काही नव्हतंच.

“मग कुलूप कशाला रे?” त्याने शिपायाला विचारलं. “इथे कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते नळातलं नाही.”

शिपाई निवृत्तीला आलेला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि बोटाने दुसऱ्या मजल्यावरच्या आतल्या भिंतीकडे दाखवलं. तिथे कुणीतरी कोळशाने एक चित्र काढलं होतं. गोल चेहरा, वर चढवलेल्या मिशा, फुगलेलं पोट, आणि खाली लिहिलं होतं, ‘भाषण संपलं की उठवा.’ मंडळाचे अध्यक्ष. खरं सांगायचं तर हुबेहूब होतं. दोन वर्षांपूर्वी पाहणीला आलेल्या अध्यक्षांनी ते बघितलं, लालबुंद झाले, आणि त्याच दुपारी कुलपं आली. कुणी काढलं ते सापडलं नाही. म्हणून मग सगळ्या शाळेला शिक्षा. चित्र पुसायलाही कुणी आत गेलं नाही. दार बंद म्हणजे विषय बंद.

एका मिशीपायी माझ्या पोरीचं मूत्रपिंड गेलं, असं तो नंतर म्हणायचा. गेलं नव्हतं, पण म्हणायचा.

सोमवारी मिस्त्री माझ्या कचेरीच्या खिडकीशी आला. “ताई, मंडळापुढे बोलायचं तर काय करावं लागतं?”

आता माझी लाज सांगते. त्यासाठी एक अर्ज होता. तो काउंटरवर ठेवायचा नाही, खणात ठेवायचा, आणि कोणी त्याच नावाने मागितला तरच द्यायचा, असं मला सांगून ठेवलेलं होतं. सभेआधी दहा दिवस भरायचा, विषय वीस शब्दांत लिहायचा, बोलायला तीन मिनिटं. सभा महिन्यातून एकदा, मंगळवारी दुपारी तीनला, म्हणजे कष्टाचे आईबाप कामावर असतात नेमकं तेव्हा. आणि दर वर्षी अहवालात अध्यक्ष लिहायचे, पालकांना आस्था उरलेली नाही. ते वाक्यही मीच सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची.

मी खण उघडला आणि अर्ज दिला.

पहिल्या सभेला मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आला. दीड तास मागच्या बाकावर बसला. त्यातली चाळीस मिनिटं सभागृहाचे पडदे निळे असावेत की करडे यावर गेली. मग त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, कागद उघडला, आणि पहिल्या दोन वाक्यांतच अध्यक्षांनी थांबवलं. “हा विषय शाळेच्या पातळीवरचा आहे.”

“शाळा म्हणते मंडळाचा आहे.”

“तुम्ही मुख्याध्यापिकांशी बोला.”

“बोललो. त्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं, तुम्ही त्यांच्याकडे दाखवताय. चेंडू आहे का मी?”

एक सदस्य खाकरले. “मुलींच्या असल्या गोष्टी अशा चारचौघांत काढणं बरं दिसत नाही.”

मिस्त्रीने कागद खाली ठेवला. “चारचौघांत बोलायची लाज वाटते तुम्हाला? आणि चारशे पोरींची लघवी कुलपात ठेवली त्याची नाही वाटत? माझी पोर पाच दिवस इस्पितळात...”

घंटा वाजली. तीन मिनिटं संपली होती. त्यातली निम्मी अध्यक्षांनी खाल्ली होती, पण घंटा त्याची वाजली. पुढचा विषय, पडद्यांचं माप.

आणि मी ते वाक्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी हजर. इतिवृत्त कोणालाही वाचता येतं, हे त्याने कुठूनतरी शोधून काढलं होतं. मी वही पुढे केली. त्याने बोट ठेवून ते वाक्य वाचलं. मग परत वाचलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल. त्याने फक्त विचारलं, “ताई, मी हे बोललो?”

 एकोणीस वर्षं मी मूग गिळून बसले होते. मी उठले, कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि खिडकीतून त्याच्या हातात दिलं. “सतरावा नियम वाचा.”

भाषा इतकी किचकट की त्याने मान हलवली. मग मीच बोट ठेवून साध्या शब्दांत सांगितलं. पन्नास पालकांनी सह्या केल्या तर विषय मंडळाला घ्यावाच लागतो. पालकांनी मागणी केली तर मतदानाआधी सदस्यांना जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. मत नाव घेऊन द्यावं लागतं. आणि सही केलेल्या कुणालाही बोलायचं असेल तर प्रत्येकाला तीन मिनिटं.

“प्रत्येकाला?”

“प्रत्येकाला.”

“हे किती वर्षांपासून आहे पुस्तकात?”

“मी लागले त्याच्याही आधीपासून.”

“आणि कुणी वापरलं नाही?”

“कुणाला सांगितलंच नाही,” मी म्हणाले.

मिस्त्रीने सह्या धंद्याच्या वाटेवरच जमवल्या. नळ दुरुस्त करायचा, पाणी नीट येतंय ना ते बघायचा, आणि हात पुसून थैलीतून कागद काढायचा. “तुमची मुलगी त्या शाळेत आहे ना? संध्याकाळी ती घरी आली की विचारा, दिवसभरात गेली होती का. मी उद्या येतो सहीला.” दुसऱ्या दिवशी बहुतेक दारांत सही तयार असायची. शिवणकाम करणारी एक आई दार उघडून तशीच उभी राहिली. तिची मोठी मुलगी दर महिन्याला तीन दिवस पोट दुखतं म्हणून घरी राहायची. “मी तिला आळशी म्हणायचे हो,” ती म्हणाली. “कपडा बदलायला जागा नसते म्हणून येत नव्हती ती.” तिने सही केली आणि अजून अकरा घरांच्या आणून दिल्या.

सगळेच काही असे नव्हते. एका बापाने सांगितलं, “आमच्या वेळीही असंच होतं, आम्ही मेलो का?” दुसरा म्हणाला, “पटतंय सगळं, पण पोरीचे मार्क कापतील.” आणि ही भीती खोटी नव्हती. एके दिवशी वर्गात बाईंनी बारकीला उभं केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “काय गं, तुझे बाबा फार मोठे पुढारी झालेत म्हणे?” वर्ग हसला.

त्या संध्याकाळी बारकी बापाशी बोलेना. ताट पुढे सरकवलं आणि एकदम भडकली. “माझ्या शूचं तुम्ही सगळ्या गावाला सांगत फिरताय! मला विचारलं होतं का?”

मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला.  बायको म्हणाली, “बरोबर बोलतेय ती.”

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “तू म्हणशील तर उद्या कागद फाडतो.”

बारकीने सरकवलेलं ताट परत ओढलं. मग म्हणाली, “फाडू नका. पण माझं नाव नाही घ्यायचं. आजाराचं तर मुळीच नाही. आणि तुम्हाला नुसतं ओरडता येतं. किती जणींना किल्ली मिळत नाही ते माहितेय का तुम्हाला? आम्ही मोजून देतो.”

तिने आणि तिच्या चार मैत्रिणींनी दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवली. नावं नाहीत, फक्त वेळ, इयत्ता, आणि हो की नाही. दहा दिवसांत छप्पन्न मुलींनी किल्ली मागितली. एकतीस जणींना नाही म्हणून सांगितलं. नऊ जणी वहीत कारण लिहायची लाज वाटून दारातून परत फिरल्या. एका पहिलीतल्या मुलीपुढे नुसती फुली होती, आणि शेजारी बारीक अक्षरात, ‘वाट बघताना झाली. घरी पाठवली.’ मी ती वही पाहिली आहे. तिच्यात एकही मोठा शब्द नव्हता. माझ्या एकोणीस वर्षांच्या इतिवृत्तांपेक्षा ती खरी होती.

सह्या झाल्या एकशे चौतीस. अर्ज दाखल झाला त्या दिवशी अध्यक्षांनी मला आत बोलावलं. “नियमांचं पुस्तक बाहेर कसं गेलं?”

“ते सार्वजनिक आहे, साहेब.”

“तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

“त्यांनी विचारलं होतं,” मी म्हणाले. एवढंच बोलले आणि बाहेर आले.

दुसऱ्या सभेला सभागृह भरलं. कुणी अर्धी रजा टाकली होती, कुणी कामाची पाळी बदलून घेतली होती. भिंतीला टेकून माणसं उभी. अध्यक्षांनी मुख्याध्यापिकांचा अहवाल वाचला. स्वच्छतागृहं पुरेशी आहेत, दुरुस्ती प्रस्तावित आहे, काही पालकांचा गैरसमज झालेला आहे. मग नाइलाजाने नावं पुकारायला सुरुवात केली.

बसचा चालक आला, गणवेशातच. “मी दिवसाला नऊ तास गाडी चालवतो. दर फेरीच्या टोकाला मला पाच मिनिटं मिळतात, संघटनेने भांडून घेतलीत. माझी पोरगी आठ वर्षांची आहे. तिची संघटना कुठाय?” घंटा वाजायच्या आत तो बसलासुद्धा.

शिवणकाम करणारी आई आली. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. ती एवढंच म्हणाली, “माझी मुलगी महिन्याला तीन दिवस शाळा बुडवते. तुमच्या पटावर ती आजारी आहे. ती आजारी नाही. तुम्ही खोटं लिहिताय.”

मिस्त्रीची बायको परिचारिकेच्या गणवेशात आली. तिने मुलीचं नाव घेतलं नाही, माझी मुलगी असंही म्हणाली नाही. मूत्रपिंड म्हणजे काय, ते कशाने बिघडतं आणि एकदा व्रण पडला की तो भरून का येत नाही, हे तिने वॉर्डात बायकांना सांगते तसं शांतपणे सांगितलं. ‘असल्या गोष्टी’वाले सदस्य टेबलाकडे बघत राहिले.

एकामागून एक चौदा जण बोलले. दर वेळी घंटा, दर वेळी पुढचं नाव. आणि गंमत म्हणजे पडद्यांवर चाळीस मिनिटं घालवणारे अध्यक्ष आता घड्याळ बघत होते. “सगळे तेच तेच सांगताहेत,” ते म्हणाले.

“सगळ्यांच्या पोरींना तेच तेच होतंय म्हणून,” मागून कुणीतरी ओरडलं.

शेवटी मिस्त्री उठला. त्याने बारकीची वही वाचली. आकडे फक्त, आवाज न चढवता. फटकळ माणूस, पण त्या दिवशी एक वाकडा शब्द नाही. शेवटी म्हणाला, “माझं अजून एक मिनिट शिल्लक आहे. सतराव्या नियमाप्रमाणे पाहणी मागतो. शाळा चार मिनिटांवर आहे. चला.”

“आज शक्य नाही. पुढच्या महिन्यात समिती नेमू.”

मग मंडळाच्या सगळ्यात वयस्कर सदस्यबाई उठल्या. सभेत त्यांचा डोळा लागतो म्हणून आम्ही त्यांची चेष्टा करायचो. त्यांनी काठी घेतली. “नियमात मतदानाआधी म्हटलंय. समिती कशाला, आपल्याला पाय आहेत. मी निघाले.” आणि खरंच निघाल्या. त्यांच्यामागे सगळं सभागृह.

रस्त्याने तो घोळका चालला तेव्हा दुकानदार बाहेर येऊन बघत होते. शाळा नुकतीच सुटली होती. शिपायाने पहिल्या मजल्याचं कुलूप काढलं. मोडक्या खुर्च्या, कापडाचे गुंडाळे, खोकी. मिस्त्री आत शिरला आणि एकेक नळ उघडत गेला. पाणी पडण्याचा आवाज इतका मोठा होता की कुणाला बोलायची गरजच पडली नाही.

“वर बघू,” काठीवाल्या बाई म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले, वर तसंच आहे, बघायची गरज नाही. बाई तोवर पाच पायऱ्या चढल्या होत्या.

दुसऱ्या मजल्यावर सगळं मंडळ त्या भिंतीसमोर उभं राहिलं. मिशा, पोट, आणि खालची ओळ. कुणी हसलं नाही. शिवणकाम करणाऱ्या आईने चित्राकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे, मग पुन्हा चित्राकडे. “यासाठी?” ती म्हणाली. “यासाठी?”

त्या एका शब्दात जो संताप होता, तो मी कुठल्याच इतिवृत्तात उतरवू शकले नसते.

परत येऊन कुलपं काढण्यावर मतदान झालं, नाव घेऊन. सात सदस्यांपैकी सहा बाजूने, एक तटस्थ. अध्यक्षांनीही बाजूनेच मत दिलं. वर उभं राहून म्हणाले की मुलींचं आरोग्य हा मंडळाच्या जिव्हाळ्याचा विषय राहिलेला आहे. त्या दिवशी मी इतिवृत्तात प्रत्येकाचं बोलणं त्याच्या शब्दांत लिहिलं, सात पानं. मला पुढच्या महिन्यात अभिलेख खोलीत पाठवलं गेलं, जिथे खिडकी नाही. त्याचं मला काही वाटलं नाही.

कुलपं निघाली, मुलांकडचीही. खोकी हलली. वहीत कारण लिहायची पद्धत बंद झाली. सभेची वेळ संध्याकाळी सहाला आणायला मात्र आणखी एक वर्ष आणि आणखी एक सह्यांचा कागद लागला. बसचालक पुढच्या निवडणुकीत मंडळावर निवडून आला. मिस्त्रीला खूप जणांनी गळ घातली, पण तो उभा राहिला नाही. “एवढा वेळ मला खुर्चीत बसवत नाही,” म्हणाला. अध्यक्षांनी वार्षिक अहवालात छापलं, मंडळाच्या दूरदृष्टीमुळे स्वच्छतागृहांचं नूतनीकरण पूर्ण. नूतनीकरण! दोन वॉशर आणि एक तरंगगोळा. तेही मिस्त्रीने रविवारी येऊन फुकट बसवलेले. मुख्याध्यापिकांना त्याच वर्षी बढती मिळाली.

बारकीच्या एका मूत्रपिंडावर व्रण राहिला. ते दुसऱ्यापेक्षा लहान आहे. वर्षातून दोनदा तपासणी, रक्तदाबावर लक्ष. ती आता अभियांत्रिकीला आहे, बापासारखीच फटकळ.

मिस्त्रीने मंडळाला तीन पत्रं लिहिली. दुसरं काही मागितलं नव्हतं. चारशे बारा मुलींची मंडळाने लेखी माफी मागावी, एवढंच. पहिल्या पत्राला पोच मिळाली, दुसऱ्याला तीही नाही. तिसरं पत्र पोचलं तेव्हा अध्यक्ष निवृत्त झाले होते, आणि नव्या अध्यक्षांनी कळवलं की सदर प्रकरण मागील मंडळाच्या कार्यकाळातील आहे.

एकदा मी त्याला दुकानात विचारलं, “मिस्त्री, कशाला तो कागदच हवाय तुम्हाला? कुलपं तर निघाली ना.”

तो एका नळाचा पेच काढत होता. हात न थांबवता म्हणाला, “कुलपं आपण काढली, ताई. त्यांनी काय केलं? मोठ्या माणसांनी चूक केली की ती लिहून देतात, हे पोरीला एकदा दाखवायचं होतं मला.”

तो कागद अजून आलेला नाही.